लेकीच्या लशीआधी

अगं, तुला थायरॉइड, आईला आमवात, त्यात लेकीला एचपीव्हीची लस द्यायची म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येणारच. लशीमुळे शरीर स्वतःवरच उलटतं, असं ऐकलंयस ना? ‘काही नसतं गं’ म्हणून मी तुला गप्प करणार नाही, कारण क्वचित तसं होतं.

१९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस जवळजवळ साडेचार कोटी लोकांना दिली. त्यातून लाखात साधारण एकाला जीबीएस झाला, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवर तुटून पडली. मोहीम थांबवावी लागली. २००९-१०मध्ये फिनलंड आणि स्वीडनमध्ये ‘पँडेमरिक्स’ या फ्लूच्या लशीनंतर काही मुलांना नार्कोलेप्सी जडली. भर दिवसा झोप अनावर व्हायची. या गोष्टी डॉक्टरांनी आणि आरोग्य खात्यांनीच शोधून जगापुढे मांडल्या. माझा विश्वास आहे तो यामुळेच.

आता दुसरी बाजू. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसचे रुग्ण एकामागोमाग निघाले, आठवतंय? तिथे लशीचा संबंध नव्हता. बोट दाखवलं गेलं ते दूषित पाण्याकडे आणि कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूकडे. या जंतूच्या आवरणातले काही घटक आपल्या मज्जातंतूंवरच्या घटकांशी इतके मिळतेजुळते असतात, की जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिद्रव्यं मज्जातंतूंनाच इजा करतात. लोक लशीला घाबरतात, पण शरीराचा असा गोंधळ प्रत्यक्ष संसर्गानंतर कितीतरी जास्त वेळा उडतो.

आणि तुझ्या लेकीची लस? डेन्मार्क-स्वीडनमध्ये जवळजवळ १० लाख मुलींच्या नोंदी तपासल्या, २०१३ साली निष्कर्ष छापून आले. लस घेतलेल्या मुलींमध्ये स्वयंप्रतिकार आजार वाढल्याचा भक्कम पुरावा सापडला नाही. मुळात थायरॉइडसारखे आजार मुलींमध्ये वयात येतानाच डोकं वर काढू लागतात, आणि ही लसही नेमकी त्याच वयात द्यायची असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते गं. ही लस ज्यापासून वाचवते, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मात्र आपल्या देशात वर्षाला ७० हजारांहून अधिक बायका जातात. तुझ्या भीतीपुढे मला हा आकडा फार मोठा वाटतो.

जपायचं आहे ते आईला. ती मेथोट्रेक्सेटवर, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर आहे. कांजिण्या, गोवर-रुबेला अशा जिवंत लशी तिला संधिवाताच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नाहीत. फ्लूची आणि न्यूमोनियाची टोचायची लस मात्र अशा रुग्णांना आवर्जून घ्यायला सांगतात. तिचं तेही राहिलंय, विचारून घे.

एचपीव्हीची लस जिवंत नसते. चौदापर्यंतच्या मुलींना सहसा सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस देतात. घरातले आजार डॉक्टरांना आधीच सांग, लपवू नको. पोरीला उपाशीपोटी नेऊ नको. सुई टोचली की या वयाच्या मुलींना कधीकधी भोवळ येते, म्हणून पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेव. दंड दुखेल, कदाचित कणकण वाटेल, दोन दिवसांत उतरेल. पण पायांतली ताकद गेल्यासारखी वाटली किंवा मार न लागता अंगावर निळे डाग उठले, तर कुणाला विचारत बसू नको, तडक दवाखाना गाठ.