कुत्र्याच्या नाकाची घरगुती स्वच्छता

बारामती व इंदापूर तालुक्यांच्या माळरानावर आजही लांडग्याचा वावर आहे. मेंढ्या वाघरीत बसल्या म्हणजे रात्रीची राखण कुत्र्याकडे असते, आणि अंधारात त्याची भिस्त कानाइतकीच नाकावर असते. तरीही मेंढीच्या खुरांकडे रोज पाहणारे आमचे मेंढपाळ बंधू कुत्र्याच्या नाकाकडे क्वचितच पाहतात.

नाक बाहेरूनच पुसावयाचे असते, हे प्रथम ध्यानात ठेवावे. जाळलेल्या पाचटाची काजळी, मळणीचा भुसा व धूळ साचून नाकावर खपली धरते. ह्यासाठी एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे, मीठ विरघळवावे. घरच्या माणसाने कुत्र्यास जवळ घेऊन बसवावे. मऊ सुती फडके ह्या पाण्यात भिजवून, पिळून, खपलीवर थोडा वेळ धरावे व ती सैल झाल्यावर हलकेच बाहेरच्या बाजूस पुसून घ्यावी. नखाने खरवडू नये. कातडी भेगाळली असल्यास खोबरेल तेलाचे बोट फिरविणे पुरे. कापूर व निलगिरीचे तेल कुत्र्यास विषारी आहे. नाकात तेल सोडण्याची चाल तर अजिबात सोडावी; ते फुप्फुसात उतरून दाह होतो.

आश्विन-कार्तिकात कुसळी गवत पिकते, तेव्हा विशेष सावध राहावे. एका वाड्यावरील कुत्रा एकाएकी शिंका देऊ लागला व एका नाकपुडीतून रक्त आले. मालकाने तांब्याने नाकात पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी नाक सुजले आणि पशुवैद्यांना कुत्र्यास भूल देऊन कुसळ काढावे लागले. कुसळाच्या टोकावरील राठ केस मागे वळलेले असतात, म्हणून ते पुढे सरकते, मागे येत नाही. शिवाय ओल मिळताच त्याच्या शेपटाचा पीळ उलगडतो व टोक आत रुतते. मालकाचा हेतू चांगलाच होता, परंतु पाण्याने अपायच झाला. कुसळाचे टोक बाहेर दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढावे. दिसत नसेल तर दवाखाना गाठावा.

दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा स्राव, डोळ्यांत चिपडे, ताप व खोकला असल्यास डिस्टेंपर ह्या सांसर्गिक रोगाचा संशय धरावा. तो माणसास होत नाही, पण इतर कुत्र्यांत पसरतो. कुत्रा वेगळा बांधावा, पुसलेले फडके जाळावे. पिलांना सहा ते आठ आठवड्यांपासून पशुवैद्यांच्या सल्ल्याने लस टोचावी.

कुत्र्याचा स्वभाव वा आवाज बदलला असेल, लाळ गळत असेल किंवा गिळणे जमत नसेल, तर नाकास हातच लावू नये. तो पिसाळलेला असू शकतो. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. ग्रामसेवकांनी वाड्यावर गेल्यावर कुत्र्यास रेबीजची लस केव्हा टोचली, हे अवश्य विचारावे. पहिली तिसऱ्या महिन्यात व पुढे दरवर्षी टोचावयाची असते.