परक्या शहरात पैशांचा मेळ



आठवडी बाजारात आईने शंभराची नोट हातात दिली, तर त्यात काय काय येईल याचा अंदाज तुम्हाला चटकन येतो. नोट ओळखीची, भाव माहितीचे आणि दुकानदारही गावचाच. परदेशी शहरात या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. म्हणूनच घरी काटकसरीने वागणारा माणूसही तिथे गोंधळतो. आपल्या भागातील मुले आता शिकायला आणि नोकरीला दूरदेशी जातात, त्यांच्यामागून आईवडीलही चार दिवस भेटीला जातात. तेव्हा हा धडा लहानमोठ्या सर्वांनीच गिरवावा असा आहे. उदाहरणासाठी आपण लंडन शहर घेऊ, कारण पैशांचा हिशेब शिकवणारे एक मोठे मराठी चरित्र त्या शहराशी जोडलेले आहे.

एक विद्यार्थी आणि रुपयाचा भाव

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ही शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. त्या काळी एका रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे एक पौंड १५ रुपयांना पडे. त्या हिशेबाने महिन्याचे १७२ रुपये ८ आणे झाले. न्यूयॉर्कसारख्या शहरातील राहणे, जेवण आणि पुस्तके यांसाठी ही रक्कम बेताचीच होती.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. तिथे ते पोटाला चिमटा घेऊन राहिले. सकाळी जेमतेम न्याहारी करायची, रात्री अभ्यास करताना भूक लागली की पापड भाजून खायचे, आणि वाचलेला पैसा पुस्तकांना व शिक्षणाला लावायचा, असा त्यांचा क्रम होता.

आता नीट लक्ष द्या. १९२० साली सरकारने रुपयाचा भाव २ शिलिंग ठरवला होता, पण तो टिकला नाही. १९२१ मध्ये तो १ शिलिंग ४ पेन्सच्याही खाली उतरला. समजा, एखाद्याजवळ ५,००० रुपये आहेत. २ शिलिंग भावाने त्याचे ५०० पौंड होतात. १ शिलिंग ४ पेन्स भावाने होतात ३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. त्या माणसाने एक पैसाही उधळला नाही, तरी त्याचे १६६ पौंडांहून अधिक कमी झाले!

काटकसर आपल्या हातात असते, चलनाचा भाव नसतो. डॉ. आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, तो याच रुपयाच्या प्रश्नावर होता. १९२३ साली तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

आजचा हिशेब

आज एक पौंड शंभर रुपयांहून महाग आहे. भाव रोज बदलतो, म्हणून निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. आपण गणितापुरता ११५ रुपये धरू.

१. खर्चाचे दोन भाग करा. तिकीट, व्हिसा, विमा आणि मुक्काम हा ठरलेला खर्च. जेवण, बस, किरकोळ खरेदी हा रोजचा खर्च. ठरलेला खर्च वजा करून उरलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा. बाकीच्याला दिवसांनी भागा. हीच रोजची मर्यादा.

२. मर्यादा पौंडात ठरवा, मग पौंडातच विचार करा. तीन पौंडांचा चहा पाहून "३४५ रुपयांचा चहा!" असे प्रत्येक वेळी म्हटले, तर माणूस उपाशी फिरेल. उलट आकडा लहान दिसतो म्हणून हात सैल सोडला, तर चार दिवसांत पाकीट रिकामे. आज ३० पौंडांपैकी किती उरले, एवढेच पाहावे.

३. विकत घेण्याचा आणि परत देण्याचा भाव वेगळा असतो. समजा, पौंड ११८ रुपयांना घेतला आणि उरलेला ११२ ला परत दिला, तर ३०० पौंडांमागे १,८०० रुपये गेले. म्हणून गरजेपुरतीच रोकड घ्यावी.

४. यंत्राने विचारले, "रुपयांत की पौंडात?" तर पौंड निवडा. रुपयांत आकडा दिसला की मनाला बरे वाटते, पण तो भाव बहुधा महागडा लावलेला असतो.

५. कार्ड परदेशात चालेल का, हे घरीच पाहा. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय आपण सांगितल्यावरच सुरू होते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. शिवाय प्रत्येक माणसाला वेगळे कार्ड लागते. नवराबायकोला एका कार्डावर प्रवास करता येत नाही.

६. जुन्या नोटा तपासा. कोणी पूर्वी आणलेल्या २० व ५० पौंडांच्या कागदी नोटा दिल्या, तर त्या ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत.

७. शिदोरी विचारपूर्वक न्या. चिवडा चालतो. पेढे, बर्फी, तूप मात्र नेऊ नये, कारण आपल्याकडून दुधाचे पदार्थ तिथे नेण्यास बंदी आहे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, म्हणून रिकामी बाटली जवळ ठेवावी.

८. फुकट ते सारेच हलके नसते. ब्रिटिश म्युझियम पाहायला तिकीट नाही. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले आहे. तिथेही तिकीट नाही.

पालकांसाठी दोन शब्द

चार दिवसांच्या सहलीत चूक झाली तर काही हजारांवर भागते. मुलाला शिकायला पाठवताना मात्र शेत किंवा घर गहाण पडलेले असते. समजा, पुढील वर्षाची फी १५,००० पौंड आहे. पौंड १०० रुपये असताना तिला १५ लाख लागतात, ११५ झाला की १७ लाख २५ हजार. सव्वादोन लाखांची ही तूट मुलाच्या उधळेपणाची नव्हे. तेव्हा कर्ज काढताना भाववाढीची तजवीज आधीच करावी, आणि दूर असलेल्या मुलाला "इतका खर्च कसा झाला?" असे विचारण्यापूर्वी त्या दिवशीचा भाव पाहावा. मुलांनीही रोजचा खर्च वहीत लिहून घरी कळवावा. संशयाला जागा राहत नाही, आणि अडचण वेळेवर सांगता येते.

स्वाध्याय

१. रोजची मर्यादा ३५ पौंड, मुक्काम ६ दिवस, पौंडाचा भाव ११६ रुपये. एकूण किती रुपये लागतील?

२. २,००० रुपयांचे २ शिलिंग भावाने आणि १ शिलिंग ४ पेन्स भावाने किती पौंड होतील? (१ पौंड = २० शिलिंग, १ शिलिंग = १२ पेन्स)

३. घरातील एका आठवड्याचा खर्च आईवडिलांना विचारून लिहा. त्यातील ठरलेला खर्च कोणता आणि रोजचा कोणता, ते वेगळे करा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तिगावातला हिशेब ज्याला मांडता आला, त्याला लंडनचाही मांडता येईल.