मागील अंकांची मालकी

शास्त्रीय नियतकालिकाचे मूल्य केवळ त्याच्या ताज्या अंकात नसते. एखादा प्रयोग पुन्हा करून पाहावयाचा असो, किंवा एखादे मत प्रथम कोणी मांडले याचा शोध घ्यावयाचा असो, अभ्यासकाला मागील अंकांकडे वळावेच लागते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ १६६५ मध्ये सुरू झाले. त्याचे आरंभीचे अंक आजही वाचावयास मिळतात, कारण निरनिराळ्या ग्रंथालयांनी ते बांधून जपून ठेवले.

छापील अंकाची वर्गणी भरली की ती प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होत असे. पुढे वर्गणी बंद केली, तरी कपाटातील जुने खंड परत नेण्यास कोणी येत नसे. इलेक्ट्रॉनिक नियतकालिकांनी ही व्यवस्था बदलून टाकली. येथे अंक प्रकाशकाच्या संगणकावर राहतो आणि ग्रंथालयाला मिळते ती केवळ वाचनाची परवानगी. हा व्यवहार खरेदीपेक्षा भाडेपट्ट्याच्या अधिक जवळचा आहे. करारात वेगळी तरतूद नसेल, तर वर्गणी थांबताच, ज्या वर्षांचे पैसे पूर्वीच चुकते केले त्या वर्षांचे अंकही बंद होऊ शकतात.

करारातील एका कलमाने किती फरक पडतो, हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या उदाहरणावरून दिसून येते. २०१९ मध्ये या विद्यापीठाने एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेबरोबरची बोलणी थांबविली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नवे लेख त्याच्या वाचकांना बंद झाले. परंतु जुन्या लेखांपैकी बहुतेकांवर विद्यापीठाने कायमचा हक्क आधीच मिळविलेला होता, म्हणून ते खुले राहिले. नवा करार २०२१ मध्ये झाला.

तथापि कागदावरील हक्क पुरेसा नसतो. नियतकालिकच बंद पडले आणि प्रकाशकाने आपला संगणक आवरता घेतला, तर तो हक्क बजावावयाचा कोठे? यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘लॉक्स’ ही योजना सुरू झाली. अनेक ठिकाणी प्रती असल्या म्हणजे मजकूर सुरक्षित राहतो, हे तिचे सूत्र होय. सहभागी ग्रंथालयांचे संगणक आपापल्या प्रती परस्परांशी ताडून पाहतात आणि एखादी बिघडलेली आढळल्यास ती दुरुस्त करतात. बांधीव खंडांमागील जुनेच शहाणपण येथे नव्या साधनांनी अमलात आणले आहे.

भारतातही हा प्रश्न दूरचा राहिलेला नाही. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीत येतात. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला पूर्वी जे परवडत नव्हते, ते यामुळे त्याच्या आवाक्यात आले.

मात्र अशा कोणत्याही योजनेत वाचनाची मुदत आणि जतनाची व्यवस्था या दोन गोष्टी वेगळ्या समजल्या पाहिजेत. वर्गणी संपल्यावर आपल्या हाती काय उरेल आणि ती प्रत कोठे ठेवली जाईल, हे ग्रंथपालाने करारावर सही होण्यापूर्वीच विचारून घ्यावयास हवे. नंतर विचारणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन कोणावरही नसते.