शिक्षणासाठी समुद्रोल्लंघन

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे गाव वाघाडी नदीच्या काठी वसलेले आहे. गावाच्या चहूकडे कपाशीची काळी शेते आहेत. समुद्र मात्र शेकडो मैल दूर आहे. तेथील मुलास समुद्राची ओळख प्रथम होते ती भूगोलाच्या पुस्तकात. तरी वाघाडीच्या पाण्याला समुद्राची वाट ठाऊक आहे. ते पैनगंगेत जाते, पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीच्या पोटात शिरते आणि गोदावरी ते सारे पाणी बंगालच्या उपसागरात नेऊन ओतते. पाण्याला वाटेत कोणी अडवीत नाही. माणसाची गोष्ट वेगळी. एके काळी आपल्याकडे समुद्र ओलांडणाऱ्याला जातीबाहेर टाकीत असत आणि प्रायश्चित्त घेतल्यावाचून त्याला पंक्तीस बसू देत नसत. पुरुषांची ही कथा, तर स्त्रीने परदेशी शिकावयास जाणे ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही येण्यासारखी नव्हती. अशा काळात, 1883 साली, त्याच बंगालच्या उपसागरातून एक महाराष्ट्रीय तरुणी वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेस निघाली. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. त्यांचे माहेर कल्याणचे आणि माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते, बिजवर होते आणि वयाने आनंदीबाईंपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवावयाचे हा त्यांनी ध्यासच घेतला होता. त्या काळी स्वयंपाकात मीठ कमी पडले म्हणून बायकोवर रागावणारे नवरे घरोघर होते. गोपाळरावांचा राग अनावर होई तो धडा तयार नसला म्हणजे. हा राग सोसणे त्या कोवळ्या मुलीला सोपे नव्हते. त्यांच्या तऱ्हेवाईक स्वभावाचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण विद्येची गोडी आनंदीबाईंना एकदा लागली, ती मग त्यांची स्वतःची झाली.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, असे त्या मातेच्या मनाने घेतले. बाळंतपणात आणि आजारपणात हिंदी स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येत नसत. स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. आपण स्वतः डॉक्टर व्हावे, हा विचार या दुःखातून पुढे आला.

गोपाळराव कोल्हापुरास असताना 1878 साली त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल काय, अशी विचारणा केली होती. उत्तर आले त्यात मदतीपेक्षा धर्मांतराचा उपदेशच अधिक होता. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि गोष्ट तेथेच संपली, असे वाटले. पण 1880 साली न्यू जर्सी संस्थानातील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहात बसल्या असता ते मासिक त्यांच्या हाती पडले. एवढ्या दूरच्या मुलीला शिकावयाचे आहे, हे वाचून त्यांचे मन हेलावले. त्यांनी पत्र लिहिले. आनंदीबाईंनी उत्तर धाडले. टपालाच्या त्या येरझारांतून दोघींचा इतका जिव्हाळा जमला की आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एकमेकींचे तोंडही न पाहता जुळलेले हे नाते पुढे जन्मभर टिकले.

गोपाळरावांच्या बदल्या होत होत हे कुटुंब बंगालमध्ये आले. आनंदीबाई अमेरिकेस जाणार, ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी प्रश्नांचा भडिमार केला. अखेर 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी जाहीर भाषण करून त्या सर्व प्रश्नांना उत्तरे दिली. अठरा वर्षेही पुरी न झालेली ती मुलगी इंग्रजीत बोलत होती आणि समोर देशी-विदेशी मंडळी बसली होती. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय? मद्रासच्या वैद्यकीय विद्यालयात 1875 पासून स्त्रियांना प्रवेश मिळत होता. अन्यत्र केवळ सुइणींचे वर्ग होते. हे आनंदीबाईंना माहीत होते. पण तेवढ्याने काम भागण्यासारखे नाही आणि शिकणाऱ्या स्त्रीला येथे जी वागणूक मिळते ती तिला टिकू देत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मग एकट्याच का जाता? पतीच्या पगारावर घरची वृद्ध आणि लहान माणसे अवलंबून होती; दोघांनी निघणे शक्य नव्हते. परत आल्यावर वाळीत टाकतील त्याचे काय? या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर सर्वांत ठाम होते. येथे जशी राहते तशीच मी तेथे राहणार, माझा आहार, पोशाख आणि धर्म यांत पालट होणार नाही, मग मला बहिष्काराचे भय कशाला, असा त्यांचा सवाल होता.

परदेशी शिक्षणाच्या वाटेवर लोकनिंदेइतकाच दुसरा मोठा अडसर पैशाचा असतो. आनंदीबाईंनी अंगावरचे सोने विकले. काही थोरामोठ्यांनीही साहाय्य केले. पुढच्या काळातही हा अडसर कायम होता. यवतमाळचा शेजारी जो अमरावती जिल्हा, त्यातील पापळ गावचे पंजाबराव देशमुख 1920 साली उच्च शिक्षणासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या शेतकरी वडिलांना जमीन गहाण टाकावी लागली. तो मुलगा एडिनबरो व ऑक्सफर्ड येथे संस्कृत विद्येत प्रवीण होऊन आणि बॅरिस्टर होऊन परतला आणि स्वतंत्र भारताचा कृषिमंत्री झाला. कपाशीच्या मुलखातील बापाने मातीवर काढलेले ते कर्ज होते.

आनंदीबाईंनी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याचा किनारा सोडला. आगबोटीचे नावही ‘सिटी ऑफ कलकत्ता’ असेच होते. सोबतीला ओळखीची एक मिशनरी स्त्री होती. आपले म्हणावे असे माणूस कोणी नव्हते. बोटीवरच्या भोजनात मांसाचे पदार्थ असत. शाकाहारी माणसाने खावे असे ताटात थोडकेच येई. जोडीला ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा आग्रह होताच. आनंदीबाईंनी दोन्हींपुढे मान तुकवली नाही. हिंदू म्हणून निघाले आहे आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा त्यांचा निश्चय होता. तब्बल 58 दिवसांनी, 4 जून रोजी, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर कार्पेंटरबाई वाट पाहात होत्या.

पहिला उन्हाळा त्यांनी रोझेल येथे मावशींच्या घरी काढला. पुढचा प्रश्न विद्यालयाचा होता. फिलाडेल्फिया शहरात 1850 साली केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले एक वैद्यकीय विद्यालय होते. रॅशेल बॉडली या विदुषी त्याच्या प्रमुख होत्या. आनंदीबाईंनी त्यांना अर्ज धाडला. प्रवेशासाठी लागणारी तयारी आपल्यापाशी सर्वस्वी नाही, हे त्यात त्यांनी लपवले नाही. आपण कशासाठी आलो आहोत ते मात्र स्पष्ट सांगितले. त्यांना प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला.

परदेशातील खऱ्या अडचणी पुस्तकांत नसतात. त्या चुलीपाशी आणि कपड्यांच्या पेटीत असतात. आनंदीबाईंच्या खोलीतील भिंतीतली शेकोटी नीट पेटत नसे. खोली धुराने भरून जाई. स्वतःचे अन्न स्वतः शिजवावयाचे, त्यात हवे ते जिन्नस मिळावयाचे नाहीत आणि अभ्यास तर डोंगराएवढा. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात बर्फ पडते! परक्यांचा पोशाख घेणार नाही, हे वचन होते. त्यांनी मार्ग काढला तो असा: पाय झाकले जातील अशा गुजराती पद्धतीने त्या साडी नेसू लागल्या. वचनही राहिले आणि थंडीचेही निवारण झाले. प्रकृतीने मात्र ही ओढाताण फार काळ मानली नाही. दुखणी वारंवार येऊ लागली.

त्या विद्यालयात दूरदेशींच्या आणखी मुली होत्या. जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लांबुली यांच्यासह आनंदीबाईंचे 1885 साली काढलेले एक छायाचित्र आहे. तिघींनी आपापल्या देशाचा वेष परिधान केला आहे.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. प्राचीन हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी घेतला होता. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही त्यापूर्वीच अमेरिकेस पोहोचले होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीचा अभ्यास पुरा केला. म्हणून आनंदीबाईंना पहिली हिंदी स्त्री डॉक्टर म्हणताना हे नाव विसरून चालणार नाही. परदेशी जाऊन ही विद्या मिळवणारी पहिली महाराष्ट्रीय स्त्री आनंदीबाईच होत. पुढे 1889 साली मुंबईच्या रखमाबाई लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या, त्या आधीच रुळलेल्या वाटेने.

कोल्हापूर दरबाराने आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे मुख्य पद देऊ केले. ज्यासाठी घर सोडले होते तेच काम हाती येत होते. पण क्षयाने त्यांना तोवर पुरते घेरले होते. 1886 च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या आणि तेथून पुण्यास आल्या. कोल्हापूरच्या त्या जागेवर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

त्यांची रक्षा अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क संस्थानातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत मावशींनी ती ठेवली आणि तिच्यावर एक दगड उभारला.