पडद्यावर चित्रच नाही? जुना स्पेक्ट्रम दुरुस्त करताना



गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडे सांगलीत पावसाळा असताना, बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे पामर्स्टन नॉर्थला आले. विमानतळावर रीतसर जाहीर केलेल्या भडंगाच्या पाकिटांखाली टॉवेलात गुंडाळलेला एक काळा, पुस्तकाएवढा डबा होता. झेडएक्स स्पेक्ट्रम. सोबत त्याचा अडॅप्टर, एक टेपरेकॉर्डर आणि एक कॅसेट.

तुमच्यापैकी चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांना हा डबा आठवत असेल. सिंक्लेअर कंपनीनं तो एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणला. घरातला टीव्ही हाच त्याचा पडदा, आणि प्रोग्रॅम साठवायला साधी कॅसेट. भारतात १९८६ पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनी परवान्यानं 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकत होती. आमचा मात्र मामानं लंडनहून आणलेला, ४८ केबीचा. बाबा हायस्कूलात गणित शिकवायचे. पॅराबोला म्हणजे काय, हे मुलांना दिसावं म्हणून त्यांनी बेसिकमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो त्या कॅसेटवर होता आणि त्यांना तो नातीला दाखवायचा होता.

मी टीव्हीला जोडला. टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.

माझं संशोधन दुधातल्या प्रथिनांवर आहे, इलेक्ट्रॉनिक्सवर नाही. तरी दोन संध्याकाळी वाचन करून मी निदान ठोकलं: यूएलए गेला. यूएलए ही स्पेक्ट्रमची चित्र तयार करणारी खास चिप. फेरांटी कंपनी ती बनवायची, आता ती बनत नाही. मी ती सॉकेटमधून दोनदा काढून बसवली, एक पाय वाकवला, पुन्हा सरळ केला. बाबा शांतपणे बघत होते. मग म्हणाले, "चिप गेलीय, की चित्र दिसत नाहीये? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी ते ठरव."

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. तुमच्याकडे माळ्यावर असा एखादा डबा असेल, तर माझी चूक तुम्ही करू नका.

चित्राची वाट

दोष शोधायचा तर आधी वाट माहीत हवी. स्पेक्ट्रममध्ये ती अशी आहे: पडद्यावरचं चित्र स्मृतीत ६,९१२ बाइट जागेत असतं. यूएलए ते सतत वाचत राहतो आणि त्यातून उजेडाचे व रंगाचे सिग्नल बनवतो. एलएम१८८९ नावाची चिप रंगाचे सिग्नल पाल पद्धतीत बसवते. दोन ट्रान्झिस्टर सगळं एकत्र करतात आणि तयार होतो कॉम्पोझिट व्हिडिओ. शेवटी मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी त्याला यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनेलवर, सुमारे ५९१ मेगाहर्ट्झवर चढवते. थोडक्यात, हा संगणक स्वतःच एक चिमुकलं टीव्ही केंद्र आहे.

या वाटेवर कुठेही तुटलं, तरी बघणाऱ्याला एकच दिसतं: काही नाही. म्हणून मधे मधे थांबून विचारायचं, इथपर्यंत चित्र पोचलंय का?

पहिली पायरी: वीज

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागते, आणि त्याच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं. आजच्या बहुतेक अडॅप्टरांचं मधलं टोक धन असतं. घरातला "बसतोय" म्हणून कुठलाही अडॅप्टर लावला, तर खेळ तिथेच संपू शकतो. गिटारच्या पेडलचे अडॅप्टर उलट दिशेचे, म्हणजे योग्य असतात, पण त्यांतले बरेच पुरेसा करंट देत नाहीत. मूळ अडॅप्टर १.४ अँपिअरचा होता. तो न जोडता मोजला, तर मीटरवर ९ ऐवजी १२ किंवा जास्त व्होल्ट दिसतील. घाबरू नका, तो जुन्या पद्धतीचा आहे, भार पडल्यावर खाली येतो. अडॅप्टर मात्र उघडू नका, आत २३० व्होल्ट आहेत.

डबा उघडताना जपा. कीबोर्डच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या इतक्या वर्षांत कडक झालेल्या असतात आणि सहज तुटतात. आमची एक तुटलीच. सुदैवानं नवे पडदे अजून विकत मिळतात.

आत पहिल्या १६ केबीसाठी ४११६ जातीच्या आठ चिपा असतात. त्यांना तीन वेगवेगळे दाब लागतात, आणि ते तिथेच मोजायचे. पाय क्रमांक १६ ही जमीन धरा. मग ९ वर +५, ८ वर +१२ आणि १ वर −५ व्होल्ट दिसायला हवेत. −५ गायब असेल, तर लगेच बंद करा. त्याशिवाय +१२ मिळत राहिले की या चिपा जळतात. +१२ आणि −५ एका छोट्या कॉइल आणि ट्रान्झिस्टरच्या जोडीतून तयार होतात. तो ट्रान्झिस्टर, नकाशात टीआर-४, जाणं हे स्पेक्ट्रमचं नेहमीचं दुखणं आहे.

आमचे तिन्ही दाब ठीक होते. म्हणजे दोष पुढे.

दुसरी पायरी: टीव्हीवर संशय घ्या

हे मी सगळ्यात आधी करायला हवं होतं. आमच्या भागातलं, म्हणजे नॉर्थ आयलंडच्या दक्षिण भागातलं, अॅनालॉग प्रसारण २९ सप्टेंबर २०१३ ला बंद झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत सगळ्या देशातलं. नव्या टीव्हीनं अँटेनाच्या तोंडातून डिजिटल सिग्नल शोधला, तर त्याला आमचं चिमुकलं केंद्र सापडणारच नाही. काही टीव्हींत अॅनालॉग ट्यूनर अजून असतो, पण मेनूत खोल दडलेला. तो शोधून हातानं ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास लावावा लागतो. त्यात आणखी एक गोम आहे. स्पेक्ट्रमची फ्रेम ३१२ ओळींची आणि सेकंदाला ५०.०८ वेळा येणारी. खऱ्या पाल प्रसारणात ६२५ ओळी एकाआड एक दोन भागांत येतात. जुनी काचेची ट्यूब हा फरक पोटात घालते, काही नवे टीव्ही मात्र हटून बसतात.

एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये छोटा जुना टीव्ही निघाला. त्यावर हळूहळू ट्यून केलं, मुंग्या विरळ झाल्या आणि चित्र आलं! पांढरी चौकट, आत निळी जमीन, त्यावर लाल उभ्या रेघा. अक्षर एकही नाही.

मी हिरमुसले. बाबा मात्र खूश. "यूएलए जिवंत आहे," ते म्हणाले.

तिसरी पायरी: पडदा वाचा

बाबांचं बरोबर होतं. स्थिर चौकट आणि रंग दिसतात, म्हणजे यूएलए, रंगाची चिप, मॉड्युलेटर, टीव्ही सगळे कामावर आहेत. यूएलए स्मृती स्वतः वाचतो, त्यासाठी मुख्य प्रोसेसरची गरज नसते. चित्र बरोबर दाखवलं जातंय; चुकीचं आहे ते स्मृतीत.

आता हे चित्र काय सांगतं? सुरू होताना स्पेक्ट्रम स्मृतीच्या प्रत्येक खणात २ हा आकडा लिहितो आणि तपासतो. द्विमान पद्धतीत २ म्हणजे ००००००१०. पडद्याच्या स्मृतीत एक बिट म्हणजे एक ठिपका, म्हणून दर आठ ठिपक्यांत सातवा पेटतो: एक उभी रेघ. रंगांच्या खणातही २ च असतो, त्याचा अर्थ शाई लाल, कागद काळा. म्हणून निरोगी स्पेक्ट्रम सुरू होताना क्षणभर काळ्यावर बारीक लाल रेघा दिसतात. मग पडदा पांढरा होतो आणि खाली सिंक्लेअरची १९८२ ची कॉपीराइटची ओळ येते.

आमच्याकडे दर आठ ठिपक्यांत एक नाही, दोन रेघा होत्या: पाचवी आणि सातवी. म्हणजे ००००००१० ऐवजी ००००१०१०. उजवीकडून शून्यापासून मोजलं, तर ३ क्रमांकाचा बिट १ वर अडकलाय. याची उलटतपासणीही होते. रंगांच्या खणात नेमका हाच बिट कागदाला निळा करतो, आणि आमचा कागद काळ्याऐवजी निळा होता. दोन वेगळे साक्षीदार, एकच नाव.

आठ चिपांपैकी प्रत्येक चिप प्रत्येक बाइटचा एकेक बिट सांभाळते. म्हणजे आठांपैकी दोषी कोण, हे एकही चिप न काढता पडद्यानंच सांगितलं. आणि मी दोन दिवस यूएलए उपटत होते.

दुरुस्ती

बाबांच्या परतीच्या तिकिटाला तेव्हा बारा दिवस उरले होते. चिप मागवली, ती नऊ दिवसांनी आली. जुनी चिप अख्खी ओढून काढू नका, खालच्या तांब्याच्या रेघा उखडतात. आधी कटरनं तिचे सोळाही पाय तोडा, मग एकेक पाय डिंक वितळवून काढावा तसा डाग वितळवून काढा. त्या जागी सॉकेट बसवा, म्हणजे पुढच्या वेळी हा खटाटोप नको.

तुमच्या पडद्यावर अक्षरं नीट पण कृष्णधवल असतील, तर एलएम१८८९ आणि तिच्याजवळचा ४.४३ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तपासा. आधीच्या बोर्डांवर रंग जुळवायचे छोटे फिरते स्क्रूही असतात, ते आधी अगदी किंचित फिरवून बघा. मुळात मुंग्याच दिसत असतील आणि दाब ठीक असतील, तर मॉड्युलेटरला बगल देता येते: त्याच्या आत जाणारा कॉम्पोझिट सिग्नल थेट बाहेरच्या तोंडाला जोडायचा आणि नव्या टीव्हीच्या पिवळ्या तोंडात घालायचा. आवाज जात नाही, कारण या मॉडेलचा आवाज टीव्हीतून येतच नाही, आतल्या छोट्या स्पीकरमधून येतो. फक्त काहीही कापू नका. उद्या कुणाला मूळ रूपात हवा असेल, तर परत जोडता यायला हवं.

शेवटी

परतीच्या दोन दिवस आधी, जेवणानंतर, आम्ही बटण दाबलं. लाल रेघा लुकलुकल्या, पडदा पांढरा झाला आणि खाली ती ओळ आली. कॅसेट पहिल्या दोन वेळा वाचली गेली नाही. तिसऱ्यांदा बाबांनी टेपरेकॉर्डरचा आवाज थोडा वाढवला आणि प्रोग्रॅम चढला.

आमची सात वर्षांची लेक गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसली होती. एकेक ठिपका पडत गेला, खाली आला, वळला आणि वर निघाला. फार सावकाश. तिनं विचारलं, "आजोबा, हा इतका हळू का काढतो?"

"म्हणून तर कळतं," बाबा म्हणाले, "पुढचा ठिपका कुठे पडेल ते. सांग बघू."

तिनं काचेवर बोट ठेवलं. ठिपका तिथेच पडला.