स्वस्त कोणतें, महाग कोणतें?

इयत्ता नववीच्या वर्गांत शेंकडेवारीचा धडा चालूं असतां एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, "सर, सर्वांत स्वस्त रिचार्ज कोणतें?" वर्ग हसला; आम्ही हसलों नाहीं. ज्या वस्तूसाठीं घरोघरीं दरमहा पैसा जातो, तिचा प्रश्न गणिताच्या तासाला विचारावयाचा नाहीं, तर कोठें विचारावयाचा? त्या दिवशीं घंटा झाली व उत्तर राहून गेलें. तें येथें देत आहों. पालकांनींही तें वाचावें, अशी विनंति आहे.

उत्तरापूर्वीं एक हकीकत सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्याची आई डोंबिवलींत पोळीभाजी केंद्र चालविते. गाळा तळमजल्यावर, पुढें विक्रीचें टेबल, मागें स्वयंपाकघर. कामावरून परतणारीं माणसें गाडींतूनच फोन करून "काकू, सहा पोळ्या आणि एक भाजी काढून ठेवा" असें सांगतात, व संध्याकाळची बरीच विक्री या फोनांवरच चालते. ठाण्यास नौपाड्यांत राहणाऱ्या मामानें एकदां आपल्या सिमची फार वाखाणणी केली. दर कमी, आवाज स्वच्छ! बाईंनीं नंबर तोच ठेवून कंपनी बदलली. महिन्याला पन्नास रुपये वांचूं लागले; परंतु फोन येईनासे झाले. पंधरा दिवसांनीं एक नेहमींचें गिऱ्हाईक दारांत येऊन म्हणालें, "काकू, तुमचा फोन हल्लीं बंदच असतो. मी आतां दुसरीकडून पोळ्या नेतों." फोन बंद नव्हता. तो मागें ओट्याजवळ ठेविलेला होता, आणि तेथवर लहरी पोहोंचतच नव्हत्या.

मामा खोटें बोलला होता काय? मुळींच नाहीं. त्याच्या घरीं तें सिम आजही उत्तम चालतें. चूक झाली ती एवढीच, कीं एका घरचें उत्तर दुसऱ्या घरीं उतरून घेतलें. दर सगळीकडे एकच असतो, पण सेवा जागोजागीं निराळी असते; हेंच आमच्या धड्याचें सार आहे.

प्रथम दराचा हिशेब करूं. रिचार्जच्या पुष्कळ योजना 28 दिवसांच्या असतात. पगार महिन्याचा, दुधाचें बिल महिन्याचें, पण रिचार्ज चार आठवड्यांचें! 28 ला 13 नें गुणिलें असतां 364 येतात. म्हणजे वर्षांत बारा नव्हे, तेरा वेळां पैसे भरावे लागतात. जो गृहस्थ 12 नें गुणून खर्च काढतो, तो एक हप्ता विसरतो. याच कारणास्तव भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, म्हणजे ट्रायनें, जानेवारी 2022 मध्यें नियम केला, कीं प्रत्येक कंपनीनें 30 दिवसांची व दरमहा त्याच तारखेस नवी होणारी, अशा योजनाही ठेवाव्या. त्या मागून घेणें आपल्याकडे आहे.

दुसरा हिशेब मुदतीचा. जुलई 2024 मध्यें मोठ्या खासगी कंपन्यांनीं दर वाढविले. त्या वेळीं जिओची रोज दीड जीबीची 28 दिवसांची योजना 239 रुपयांवरून 299 वर, व तशीच 84 दिवसांची योजना 666 वरून 799 वर गेली. विद्यार्थ्यांनीं ही उदाहरणें वहींत सोडवावींत. पहिलींत वाढ शेंकडा सुमारें 25, दुसरींत सुमारें 20. पहिलीचा दिवसाचा खर्च 10 रुपये 68 पैसे, दुसरीचा 9 रुपये 51 पैसे. 336 दिवस घेतले, तर पहिली बारा वेळां, म्हणजे 3588 रुपये. दुसरी चार वेळां, म्हणजे 3196 रुपये. अंतर 392 रुपयांचें. हे आंकडे त्या वर्षाचे आहेत. दर पुन्हां बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाहीं.

तिसरा हिशेब गरजेचा. ज्या आजीला फोनवर केवळ बोलावयाचें आहे, तिनें रोजच्या जीबीचे पैसे कां भरावे? डिसेंबर 2024 मध्यें ट्रायनें केवळ बोलणें व संदेश यांसाठीं वेगळी योजना ठेवण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें, तें अशांसाठींच.

येथपर्यंतचें गणित कागदावर सुटतें. पुढचें गणित घरांतच सोडवावें लागतें. पालकांस आठवत असेल, कीं घरच्या टेलिफोनच्या काळांत ठाण्याचा क्रमांक 022 नें सुरू होई व कल्याण-डोंबिवलीचा 0251 नें. दोन्ही गांवें आगगाडीनें जवळ, पण टेलिफोनला निराळीं. मोबाइलच्या परवान्यांत मात्र मुंबई, ठाणें, नवी मुंबई व कल्याण-डोंबिवली हीं एकाच मुंबई विभागांत येतात. त्यामुळें नौपाडा, घोडबंदर रस्ता, ठाकुर्ली आणि कल्याण येथें एका योजनेचा दर एकच. लहरींना मात्र हा परवाना ठाऊक नसतो. त्यांना मनोरा, अंतर आणि मधली भिंत एवढेंच कळतें.

लहरींचें बळ मोजण्याचें माप डीबीएम. हें उणे संख्येंत येतें, म्हणून विद्यार्थ्यांस पूर्णांकांचाही सराव घडेल. उणे 80 म्हणजे चांगलें, उणे 110 म्हणजे क्षीण. दोहोंत केवळ 30 चा फरक दिसतो. परंतु या मापांत दर दहास बळ दहापटीनें घटतें, म्हणून तो फरक हजारपट आहे! फोनवरील उभ्या रेघांवर विसंबूं नये. प्रत्येक कारखानदार त्या आपल्या मतें आंखतो. अनेक फोनांत सेटिंग्जमधील 'अबाऊट फोन' या सदराखालीं हा आंकडा पाहावयास मिळतो.

भिंतीचाही विचार केला पाहिजे. लोखंडी सळ्यांचें कांक्रीट, धातूचा मुलामा दिलेली कांच, पत्र्याचें शटर हीं लहरींस अडवितात. 700 किंवा 900 मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात व भिंतींतून बऱ्या शिरतात; 3500 मेगाहर्ट्झच्या लहरी भरपूर माहिती वाहतात, पण भिंतीशीं लवकर थकतात. म्हणून 1 ऑक्टोबर 2022 रोजीं देशांत सुरू झालेलें फाइव्ह-जी रस्त्यावर धांवतें आणि आंतल्या खोलींत कधीं कधीं दिसेनासें होतें. उलट घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर निराळीच अडचण येते. मनोऱ्यांचीं तोंडें बहुधा खालच्या वस्तीकडे कललेलीं असतात, व इतक्या उंचीवर अनेक मनोऱ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. रेघा पूर्ण दिसतात, पण बोलणें तुटतें.

लहरी पोहोंचल्या म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. एका मनोऱ्याची शक्ति त्याच्या भोंवतालच्या सर्व फोनांत वांटली जाते. सकाळीं डोंबिवलीच्या फलाटावर हजारों फोन एकाच वेळीं जागे असतात. नळ तोच, पण रांग मोठी. दुपारीं तेंच सिम त्याच जागीं चपळ असतें. आणि पूर्वीं जलद लोकल कळवें ओलांडून पारसिकच्या बोगद्यांत शिरत असे, तेव्हां बोलणें तुटल्याचा अनुभव कोणास नाहीं? 1916 सालीं खुला झालेला हा सुमारें 1.3 किलोमीटर लांबीचा बोगदा डोंगराच्या पोटांतून जातो. तेथें कंपनीस दोष देणें व्यर्थ होतें.

ट्रायच्या 2024 च्या नियमांनीं कंपन्यांस आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावयास लाविलें आहे. ते अवश्य पाहावे. बोलणें मध्येंच तुटण्याचें प्रमाण शेंकडा 2 हून अधिक असूं नये, असाही दंडक आहे. पण नकाशा परिसराचा असतो आणि शेंकडेवारी विस्तृत प्रदेशाची. तुमच्या ओट्याची नोंद दोहोंतही नसते. ती तुम्हांलाच करावी लागते.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें ती केली. शेजाऱ्यांकडून दुसऱ्या कंपन्यांचे फोन थोडा थोडा वेळ मागून घेऊन त्यानें सात दिवस वही ठेविली. जागा तीन: गाळ्याचें दार, स्वयंपाकघर आणि स्टेशन. वेळा तीन: सकाळ, दुपार, संध्याकाळ. नव्या सिमचा आंकडा दारांत उणे 95 व ओट्याजवळ उणे 115 आला. म्हणजे पंधरा पावलांत बळ शंभरावा हिस्सा उरलें. मग त्यानें ओट्याजवळच्या फोनवर दहा दहा वेळां फोन करून पाहिला. नवें सिम सहा वेळां वाजलें, जुन्या कंपनीचें नऊ वेळां. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, कीं नव्याचे 250 रुपये व जुन्याचे 300. 250 ला दहांश 6 नें भागिलें असतां सुमारें 417 येतात. 300 ला दहांश 9 नें भागिलें असतां सुमारें 333. म्हणजे त्या ओट्याजवळ स्वस्त सिम महाग होतें!

यावरून महाग तेंच चांगलें, असा समज कोणीं करून घेऊं नये. नौपाड्यांतील मामानें हाच भागाकार केला, तर स्वस्त सिमच जिंकेल. ज्यांच्या घरीं वायफाय आहे व फोनांत वायफायवरून बोलण्याची सोय आहे, त्यांसही घरापुरती स्वस्त योजना पुरेल. भागाकाराची रीत सर्वांस एक. भाजक मात्र प्रत्येकाचा आपला.

म्हणून पालकांस एवढेंच सुचवितों. नवी कंपनी घेतांना पहिलें रिचार्ज लहान मुदतीचें करावें. वर्षाचे पैसे एकदम भरल्यावर पटलें नाहीं, तर उरलेली रक्कम नव्या कंपनींत येत नाहीं. दोन सिमांच्या फोनांत एक आठवडा दोन्ही चालवून पाहावींत. नंबर न बदलतां कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर झाली आहे. 1900 या क्रमांकावर 'पोर्ट' शब्द व आपला नंबर संदेशानें धाडला, कीं एक संकेत येतो; आपल्याकडे तो चार दिवस चालतो. एकदां कंपनी बदलल्यावर मात्र 90 दिवस पुन्हां बदलतां येत नाहीं. म्हणून परीक्षा आधीं घ्यावी, बदल मागाहून करावा.

त्या बाईंना हे 90 दिवस काढावे लागले. तोंवर मुलानें फोन दाराशीं खिळ्याला टांगला, आणि संध्याकाळीं शाळेंतून आल्यावर तो तेथें वही घेऊन बसे व येतील त्या मागण्या लिहून घेई. पुढें त्या जुन्या कंपनीकडे परतल्या. गेलेलीं गिऱ्हाइकें कांहीं आलीं, कांहीं आलीं नाहींत. दरमहा वांचलेल्या पन्नास रुपयांच्या हिशेबांत तीं कोणीं धरलींच नव्हतीं.

तेव्हां वर्गांत विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरांत आहे. सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें एक कोरें पान घ्यावें, घरांतील वडील माणसांस विचारावें, "फोन कोठें आणि केव्हां वाजलाच पाहिजे?" आणि त्या जागीं, त्या वेळीं उभें राहून सात दिवस नोंद करावी. दराचा कागद त्यानंतर उघडावा. शाळा सुरू झाल्यावर तें पान आम्हांस दाखवावें. शेंकडेवारीचा राहिलेला धडा आपण त्यावरूनच पुरा करूं.