सार्वजनिक सेवेतील नेतृत्व आणि खाजगी व्यवसायातील नेतृत्व : कापसाच्या गाडीवरून समजून घेऊ

नेतृत्व म्हटलं की मंत्री, नाहीतर मोठ्या कंपनीचा मालक आठवतो. एवढ्या लांब कशाला? हंगामात खामगाव-मलकापूरकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये जा. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) खाजगी जिनिंगशी करार करून हमीभावाने खरेदी करते. म्हणजे एकाच आवारात दोन नेते : सीसीआयचा केंद्रप्रमुख आणि जिनिंगचा मालक.

समजा, एका शेतकऱ्याच्या कापसात ओलावा निघाला १४ टक्के. सीसीआयची मर्यादा १२ टक्के. ८ च्या वर गेलं की प्रमाणात भाव कमी होतो. केंद्रप्रमुखाला शेतकऱ्याची अडचण कळते, पण तो ही गाडी घेऊ शकत नाही. मालक मात्र बोंडात हात घालतो, भाव पाडतो, गाडी रिकामी करून घेतो. लग्न तोंडावर असलेल्या शेतकऱ्याला त्या दिवशी मालकच बरा वाटतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता उलट बघा. २०२४-२५ ला लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. बाजार त्याखाली गेला, तर मालक भाव उतरवतो किंवा खरेदीच थांबवतो. नफा-तोटा त्याच्या खिशातला, म्हणून निर्णयही त्याचा. केंद्रप्रमुखाला तसं करता येत नाही. निकषात बसणारा माल त्याला ठरलेल्या भावानेच घ्यावा लागतो. ओळखीचा असो वा नसो. माहिती अधिकारात त्याला कागद दाखवावे लागतात, मालकाला कोणी विचारत नाही.

मग सगळंच सरकारने केलं तर? आपल्या राज्याने तेही करून पाहिलं. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना होती, खाजगी व्यापाऱ्याला थेट खरेदीची मुभा नव्हती. भाव बाजारापेक्षा राजकारणाकडे बघून ठरू लागले, तोटा वाढला, चुकाऱ्यांना उशीर झाला. माझ्या मते, चूक माणसांची कमी आणि रचनेची जास्त होती : तोटा झाला तरी ज्याचं काही जात नाही, तो भाव ठरवत होता.

म्हणून परीक्षेत नुसतं 'खाजगी नेतृत्व कार्यक्षम, सार्वजनिक नेतृत्व संथ' असं लिहू नका. केंद्रप्रमुखाला नियम मोडता येत नाही, पण काटे वाढवणं, ओलावा शेतकऱ्यासमोर मोजणं हे त्याच्या हातात असतं. दोन केंद्रांना नियम सारखेच असूनही एकीकडे गाडी दुपारी मोकळी होते, दुसरीकडे मुक्काम पडतो.

स्वाध्याय : घरच्या मोठ्यांना विचारा, यंदा कापूस कुठे दिला आणि का?